आत्या म्हणते सासूबाई नर्मदा पिऊन गेल्या, दाखला म्हणतो शक्य नाही. लिहिताना काय करावं?

रामबागचा भाचा

मंडळी, नमस्कार. गेल्या दिवाळीत एक उद्योग आरंभला आणि आता त्यात पुरता अडकलोय, म्हणून विचारतो.

माझी आत्या अठ्ठ्याऐंशीची आहे. माहेर इंदुरात जेल रोडला, सासर रामबागेत. अंतर एवढंच की वरात निघाली म्हणेपर्यंत पोचली. १९५६ साली लग्न झालं, त्यानंतर पंचावन्न वर्षं त्याच वाड्यात. वाडा पडला, तिथे मल्टी (बहुमजली इमारत) झाली, आणि आत्या आता आतेभावाकडे निपानियाला नवव्या मजल्यावर राहते. खिडकीतून नुसत्या इमारती दिसतात. एकदा मला म्हणाली, "हे कोणतं गाव रे?" थट्टा होती की खरंच विचारत होती, मला कळलं नाही. त्याच दिवशी ठरवलं, हिच्याकडून सगळं बोलवून घ्यायचं. १९५१ च्या जनगणनेत इंदूर तीन लाखांच्या आसपास होतं, २०११ ला साडेएकोणीस लाखांच्या वर गेलं. त्या तीन लाखांच्या गावात ज्यांनी पाणी भरलं, दळण आणलं, अशी माणसं आमच्या घराण्यात आता दोनच उरलीत. दुसऱ्या काकांना ऐकू येत नाही.

पहिली अडचण म्हणजे फोन समोर ठेवला की आत्याची आकाशवाणी होते. इंदूर केंद्र १९५५ ला सुरू झालं, तिच्या लग्नाच्या आदल्याच वर्षी, आणि रेकॉर्डिंग म्हणजे तसंच बोलायचं असा तिचा पक्का समज आहे. "त्या काळी स्त्रियांना फार कष्ट पडत असत." असत, नसत, करीत. अरे, ही माझी आत्या नव्हेच! फोन खिशात टाकला की लगेच, "अरे, काय सांगू तुला, त्या बक्षीणबाईचा हंडा..." आणि खरी गोष्ट सुरू. शेवटी श्रावणात भुट्ट्याचा कीस करायला ती कणसं किसत बसली तेव्हा फोन परातीआड ठेवला, तिला सांगूनच. हातात काम होतं म्हणून विसरली. त्या रेकॉर्डिंगमध्ये पहिली वीस मिनिटं किसणीचाच आवाज आहे, पण बोलणं अस्सल आहे.

आता मुख्य मुद्दा. जसं बोलली तसंच लिहितो (बंबा म्हणजे चौकातला सार्वजनिक नळ):

"तेव्हा घरात नल कुठला? चौकात बंबा. पहाटे चारला लाइन. अन् तिथे पहेले आप, पहेले आप काही नव्हतं हं, हंडे आपटायचे. उन्हाळ्यात तर बंबापण सुकायचा. मग नर्मदा आली. आधी नलातून नुसती हवा, फुस्स फुस्स, मग गढूळ, मग एकदम धार. सासूबाईंनी हळदकुंकू लावलं, नर्मदा प्यायल्या, म्हणाल्या, आता मी मोकळी. अन् गेल्या. नर्मदा पिऊनच गेल्या."

ऐकताना अंगावर काटा आला. घरी येऊन कागद काढले. आत्याच्या सासूबाईंचा मृत्यूचा दाखला १९७६ चा. आणि नर्मदा इंदुरात आली १९७८ साली. त्यासाठी १९७० ला शहरानं केवढं आंदोलन केलं, मग मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटर, विंध्याचा चढ पंपांनी चढवून पाणी आणलं, हे इथल्या पोरासोरांना ठाऊक आहे. म्हणजे सासूबाई नळाला धार लागायच्या दोन वर्षं आधीच गेलेल्या.

आम्ही घरापुरती एक छोटी पुस्तिका छापतोय. आतेभाऊ इंजिनिअर. तो म्हणतो, चुकीचं छापायचं नाही, तो परिच्छेद काढ. मला तो काढवत नाही. आत्याला "तुझं चुकलं" म्हणायचंही जिवावर येतं. आणि पुण्याची आतेबहीण निराळंच म्हणते: "नल" काय, "पहेले" काय, मराठी शुद्ध कर, लोक हसतील.

तर परिच्छेद ठेवू की काढू? आणि "नल"चा "नळ" करू का?

---

लष्करची मास्तरीण

मी ग्वाल्हेरची. तिथल्या लष्कर भागात बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, निवृत्तीनंतर माहेरच्या-सासरच्या मिळून अकरा म्हाताऱ्या माणसांचं बोलणं टिपून घेतलं. पाच जण आता नाहीत. त्यामुळे आधी एक सांगते: वाद घालत बसू नका, आणखी दोन-तीन बैठकी उरकून घ्या.

परिच्छेद काढायचा नाही. दुरुस्तही करायचा नाही. आत्या बोलल्या तसा छापायचा आणि खाली बारीक अक्षरात दोन ओळी: दाखल्यानुसार मृत्यू १९७६, नर्मदेचं पाणी शहरात १९७८. बस. वाचणारा काय ते समजेल.

इटलीत तेर्नी नावाचं पोलाद कारखान्याचं गाव आहे. तिथे १९४९ साली नाटोविरोधी मोर्चात पोलिसांच्या गोळीनं एक तरुण कामगार मेला. पुढे कित्येक वर्षांनी गावातल्या लोकांना विचारलं तर बरेच जण छातीठोक सांगत की तो १९५३ ला मेला, हजारो कामगारांना घरी बसवलं तेव्हा रस्त्यावर जी लढाई झाली तीत. अख्ख्या गावानं तारीख चार वर्षं पुढे सरकवली. का? तर १९४९ ला तो उगाच मेल्यासारखा वाटत होता, आणि त्यांना काही करता आलं नव्हतं. मौखिक इतिहासात पडलेली माणसं हे उदाहरण नेहमी देतात. तारीख चुकली तिथेच खणायचं असतं. आत्यांनी सासूबाईंना दोन वर्षं जास्त जगवलं. का जगवलं, ते विचारा. पण असं थेट नका विचारू!

बाकी कामाच्या गोष्टी. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन रंगात आल्यावर बँकवाल्यांचा फोन येतो. टेबलावर नुसता ठेवू नका, खाली टॉवेलची घडी घाला, कपबशी ठेवल्याचा आवाज तोफेसारखा येतो. पंखा बंद. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, वार, कुठे बसलोय, कोण बोलतंय ते म्हणा. तासाच्या वर बसवू नका, त्या दमल्या तरी सांगणार नाहीत. आणि "कोणत्या साली" हा प्रश्न विसरा. "तेव्हा कडेवर कोण होतं?" विचारा. बायकांना साल आठवत नाही पण कोणतं पोर कडेवर, कोणतं पोटात, हे बरोबर आठवतं, आणि पोरांच्या जन्मतारखा तुमच्याकडे असतातच. मी माझ्या सासूबाईंचं अर्धं आयुष्य असंच सालवार लावलं.

"हे लिहू नको" म्हणाल्या तर लिहायचं नाही. रेकॉर्डिंगमधूनही तेवढं काढून टाकायचं, त्यांच्या देखत.

नल नलच राहू द्या. पुण्याच्या बाईंना सांगा, होळकरांच्या राज्यातलं मराठी आहे, पेशव्यांच्या नाही.

---

भोंगा

मास्तरीणबाईंना दंडवत. कडेवरच्या पोराचा उपाय आमच्याकडे चालला नाही, कारण आमचे बाबा गिरणीत. त्यांना कुठलं पोर कधी झालं हेच माहीत नाही. :)

त्यांचं घड्याळ म्हणजे भोंगा आणि कॅलेंडर म्हणजे गिरणी बंद. "मिल बंद झाली त्या वर्षी" असं ते सगळ्याला म्हणतात. आता इंदुरात गिरणी काही एकच नव्हती, आणि सगळ्या एका दिवशी बंद पडल्या नाहीत. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली, तिच्या कामगारांची देणी मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. बाबांची गिरणी दुसरी. पण हल्ली पेपरात हुकुमचंदचं एवढं आलं की बाबा स्वतःची गिरणीसुद्धा १९९१ लाच बंद झाली असं सांगायला लागलेत. पगाराची शेवटची चिठ्ठी मी त्यांच्याच ट्रंकेतून काढून दाखवली, तर म्हणतात, "ती चिठ्ठी राहू दे, मी सांगतो ते लिही."

बंद पडल्यानंतरच्या वर्षांबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. मी विचारलं की ते अनंत चतुर्दशीच्या झांकीवर, म्हणजे मिरवणुकीतल्या देखाव्यांवर, जातात. कोणत्या वर्षी कोणता देखावा, हत्तीची सोंड हलवायला आत कोण बसायचं, मोटर कुठल्या खात्यातून उचलून आणली, रात्री किती वाजता राजवाड्यासमोरून गाडा निघाला. साडेतीन तासांचं रेकॉर्डिंग आहे, सव्वातीन तास झांकी. आधी वैतागलो. आता तेवढंच लिहून काढतोय.

भाचेबुवा, तुम्हाला उत्तर नाही दिलं मी. ठेवा परिच्छेद.

---

पुरावा कुठाय

सगळे भावुक झालेत म्हणून मी जरा खडूसपणा करतो. तेर्नी-बिर्नी नंतर. आधी दाखला नीट बघा. नाव, नवऱ्याचं नाव, पत्ता जुळतो का? जुन्या वाड्यांत सख्खी सासू, चुलत सासू, मोठ्या सासूबाई अशा तिघी-चौघी असायच्या आणि सुना सगळ्यांना "सासूबाई"च म्हणायच्या. तुमच्या हातातला कागद एकीचा आणि गोष्ट दुसरीची असेल. आमच्याकडे हा घोळ झालाय, वंशावळीत एक बाई दोनदा मेल्या होत्या.

---

मरुधरातली इंदुरी

मी जन्माची इंदूरची, पण मिस्टरांच्या नोकरीमुळे एकोणतीस वर्षं जोधपूरला काढली. तिथली एक गोष्ट सांगते, कारण तिकडे म्हातारी माणसं पाण्याशिवाय दुसरं काही बोलतच नाहीत, आणि तुमची आत्या मला अगदी आमच्या शेजारच्या दादीसांसारखी वाटली.

दादीसांचं सगळं काळगणित दुष्काळांवर. त्यांच्या आजीच्या तोंडी "छप्पनिया" असायचा, म्हणजे विक्रम संवत १९५६, आपल्याकडचं १८९९-१९००, मारवाडातला सगळ्यात भयंकर दुष्काळ. त्यांचे वडील उम्मेद भवनच्या बांधकामावर दगड वाहायला होते. तो राजवाडा १९२९ ते १९४३ असा बांधला तोच मुळी दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून. दादीसांना मी साल विचारलं की त्या म्हणायच्या, "भींत कमरेएवढी झाली होती तेव्हा." मी मनात म्हणायची, आता या भिंतीचं साल कुठे शोधू!

लहानपणी अंघोळ खाटेवर बसून, खाली परात. परातीतलं पाणी मग गाईला. हे त्या सांगायच्या आणि माझ्या मोरीतल्या नळाकडे बघायच्या. मी नळ जरा मोठा सोडला की भिंतीपलीकडून खाकरायच्या.

मग नव्वदच्या दशकात कालव्याचं पाणी आलं, थेट हिमालयातल्या नद्यांचं, वाळवंट ओलांडून. लोकांनी बावड्या, झालरे (पायऱ्यांच्या जुन्या विहिरी) सोडून दिले. उपसा थांबला, जमिनीतलं पाणी वर आलं आणि जुन्या शहरातल्या तळघरांत पाणी साचायला लागलं. वाळवंटातल्या गावात तळघरातून पंपानं पाणी उपसायचं! दादीसांच्या मुलाच्या कापडाच्या गोदामात घोटाभर पाणी मी या डोळ्यांनी पाहिलंय. गठ्ठे विटांवर रचलेले होते. त्या पायरीवर उभ्या राहून हसत होत्या. मुलगा चिडलेला, आणि या हसतायत. मला त्या हसण्याचा अर्थ कितीतरी दिवस लागला नाही, आजही पूर्ण लागलाय असं नाही म्हणणार.

त्यांचं बोलणं मी टेप केलं नाही, याची चुटपुट अजून आहे. आणि तीही कुठे राहून, तर जोधपूरला! तिथून जवळच बोरुंद्याला कोमल कोठारी आणि विजयदान देथांनी १९६० सालीच रूपायन संस्थान काढलं, लंगा-मांगणियार या गाणाऱ्या जमातींची गाणी, वंशावळी, लोककथा, लोकांच्या तोंडचं सगळं टिपून ठेवलं. एक ट्रिप आम्हीही केली होती, मी पोरांसोबत फोटो काढून आले. घरी येऊन भिंतीपलीकडच्या बाईसमोर टेप ठेवावा हे सुचलं नाही.

आता तुमचं. खडूस भाऊंचं बरोबर आहे, दाखला बघा. पण माझा प्रश्न वेगळा आहे. आत्याबाई म्हणाल्या, "नर्मदा प्यायल्या." कशातून? नळाखाली ओंजळ धरून, की पेल्यातून, की आणखी कशातून? जुन्या बायका पाणी म्हणाल्या की आधी भांडं आठवतं. भांडं विचारा. मी दादीसांना साल सोडून परात विचारायला लागले तेव्हा कुठे त्या सरळ बोलायला लागल्या.

---

रामबागचा भाचा

उशीर झाला, क्षमस्व. मध्ये आत्याला जरा खोकला होता.

दाखला बघितला. खडूस भाऊ, नाव-पत्ता सगळं बरोबर, सख्ख्या सासूबाईच. तो मार्ग बंद.

मग रविवारी गेलो. आत्याला आधी गाडीत घालून रामबागेत नेलं. मल्टीसमोर गाडी उभी केली, खाली उतरली नाही, काच खाली करून बघत राहिली. "बंबा इथे होता," म्हणाली, आणि बोट दाखवलं ते बरोबर पार्किंगच्या गेटवर. गार्डनं विचारलं, कोणाकडे जायचंय? आत्या म्हणाली, "भिया, आम्ही इथलेच." त्यानं गेट उघडलं! आम्ही आत न जाता परत फिरलो.

घरी आलो, तिच्यापुढे शेंगा सोलायला ठेवल्या (मास्तरीणबाई, टॉवेलची घडी घातली होती), आणि मरुधरातल्या ताईंनी सांगितलं तसं विचारलं, सासूबाई नर्मदा प्यायल्या त्या कशातून?

शेंग हातातच राहिली. माझ्याकडे असं बघितलं की हा मुलगा एवढा शिकला कसा.

"कशातून म्हणजे? गडूतून."

कुठल्या गडूतून? तर ओंकारेश्वरहून आणलेला तांब्याचा गडू, लाखेनं तोंड बंद केलेला. सासूबाई तरुणपणी यात्रेला गेल्या होत्या तेव्हाचा. देवघरात मागच्या कोनाड्यात असायचा, दर एकादशीला त्याला फूल. सासूबाईंचा जीव अडकला होता, त्या रात्री मामंजींनी अडकित्त्यानं लाख फोडली आणि आत्यानं चमच्यानं तोंडात पाणी घातलं. कडेवर कोण होतं, मी विचारलं. कोणी नाही, म्हणाली, धाकटा पहिलीत होता, दारात उभा होता. धाकटा म्हणजे आमचा इंजिनिअर. जन्म १९७०. हिशेब लागला.

"मग नळाचं काय गं? तू म्हणालीस हळदकुंकू त्यांनी लावलं."

बराच वेळ काही बोलली नाही. रेकॉर्डिंगमध्ये मोजलं, एक मिनिट दहा सेकंद, नुसत्या शेंगा फुटल्याचा आवाज. मग म्हणाली, "त्यांनी कसं लावतील? मी लावलं. त्यांच्या नावानं. चाळीस वर्षं पाणी भरलं रे त्या बाईनं चौकातून. शेवटी तर कमरेत वाकल्या होत्या, तरी दोन कळशा. अन् आमच्या आयत्या नलाला मी कुंकू लावू? म्हणून आधी त्यांचं, मग माझं. दोन बोटं लावली. अन् तोच गडू नलाखाली धरून भरला."

इंजिनिअर पलीकडच्या खोलीतून ऐकत होता. बाहेर आला आणि म्हणाला, छान, आता दोन वेगळे परिच्छेद कर, १९७६ चा एक, १९७८ चा एक, सगळं जुळतंय. मलाही पटलं. पुस्तिका तिची म्हणून आत्याला विचारलं.

"नको. पहेले सांगितलं होतं तसंच राहू दे."

पण आत्या, त्या नळापर्यंत पोचल्याच नव्हत्या ना.

"मला माहीत नाही का? मी होते तिथे. तू लिही."

तेव्हा परिच्छेद आहे तसा जातोय. खाली बारीक अक्षरात मास्तरीणबाईंच्या दोन ओळी, तारखांच्या. गडूची गोष्ट छापायची की नाही यावर म्हणाली, "ती तुम्हा पोरांना सांगितली, लोकांना नाही," म्हणून पुस्तिकेत नाही. इथे लिहायची परवानगी घेतली आहे, नाव न घालण्याच्या अटीवर. वर विचारलं, "ते लोक कोण?" सांगितलं, ग्वाल्हेरच्या एक बाई आहेत, एक जोधपूरला राहिलेल्या. "मग ठीक आहे."

गडू सध्या आतेबहिणीकडे, पुण्याला, शोकेसमध्ये, त्यात प्लास्टिकची फुलं आहेत. तो परत मागवलाय. "नल" नलच राहणार हेही त्याच मेसेजमध्ये कळवलं. दोन निळ्या खुणा दिसतायत, उत्तर अजून नाही.

भोंगा, तुमच्या बाबांच्या झांकीचं लिहून झालं की इथे टाका. हत्तीच्या सोंडेत कोण बसायचं ते आत्यालाही जाणून घ्यायचंय. तिच्या मते तो त्यांच्या वाड्यातला भाडेकरू होता.